बाळाच्या पखवाजावरचं डच

मी पखवाज बोलतोय, बोरिवलीच्या बाळा परबांचा. कुडाळकडच्या फणसाच्या खोडातून मला कोरलं. चाळीस वर्षं मी भजनात बाळाच्या मांडीशी घुमलो. पुढे त्याचे गुडघे गेले, भजनं सुटली आणि मी कपाटावर गेलो. माझ्या शेजारी त्याच्या बायकोनं, मालननं, लोणच्याच्या बरण्या लावल्या. काय बोलणार!

मला खाली उतरवलं त्यांच्या मुलीनं, श्रुतिकानं. लग्नाला चार महिने झालेले, नवरा निहार नेदरलँड्सला. डच बोलण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय तिला तिकडे राहायला जाता येणार नव्हतं, आणि एकदा ती आपटली होती.

"बाबा, वाट लागलीय! शब्द पाठ आहेत, पण मी बोलले की त्यांना कळतच नाही."

बाळानं मला पुढ्यात ओढलं. "म्हण बघू एक."

"झीकनहाउस. म्हणजे हॉस्पिटल. आजाऱ्यांचं घर, दोन शब्द जोडलेत."

"झी, कन, हाउस. तीन तुकडे झाले गो. शेवटाक थाप घाल!"

भजनी माणूस तो, शेवट दणक्यातच करणार. आठवडाभर मी 'हाउस'वर मार खाल्ला. मग तिला शिकवणारी गंधाली फोनवर किंचाळलीच, "अगं, उलटं! जोर पहिल्या शब्दावर, पुढचा हलका!"

बाळा ओशाळला. मग त्यानं 'झी'वर अशी थाप दिली की माझं पोट घुमलं. 'कन-हाउस' नुसत्या बोटांनी. मग किन्डरवाखन, म्हणजे बाबागाडी. किन्, डर, वा, खन. चार मात्रा, थाप पहिलीवर! अहो, जन्मभर मी देवाची नावं वाजवली. समुद्रापलीकडची माणसं साधी बाबागाडी म्हणतानाही असा ठेका धरतात, हे मला त्या दुपारी कळलं. कोण कुठले लोक, आणि काय त्यांची शिस्त! लाकूड असून अंगावर काटा आला.

बाळा रोज शिकवायचा आणि रोज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. तिला जितकं छान येईल, तितकी ती लवकर जाणार होती. तरी एक थाप त्यानं चुकवली नाही.

ती पास झाली. गेली.

परवा तिचा फोन आला. "बाबा!" पूर्वी ती शेवटचा 'बा' लांबवायची. आता सगळा जोर पहिल्यावर होता.

"ऐकलंस?" बाळा मालनला म्हणाला. "पोरगी थयची झाली गो, तिकडचीच." तो हसला आणि त्याचे डोळे भरले.

हल्ली संध्याकाळी तो मला जवळ घेतो. वाजवत नाही, माझ्यावर हात ठेवून बसतो. मंडळी, मला इथेच राहू द्या, परत कपाटावर नको.