तिसऱ्या झाडाचं सफरचंद

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा खण कधी उपसलात, तर जुन्या किल्ल्या, रबराचे तुकडे आणि झाकण हरवलेल्या डब्या यांच्यामध्ये माझ्यासारखं कुणीतरी हाताला लागेल. मी एक जुनी सोलणी आहे. फळांची आणि भाज्यांची साल काढायची, एवढंच माझं काम. माझी मूठ लाकडी आहे, पातं पोलादी आहे आणि ते दोन्ही बाजूंना डुलतं. त्यामुळे वेड्यावाकड्या बटाट्यावरही मी कधी अडखळत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझ्या पात्याला धार लावली, त्याने मला तपासून पाहायला स्वतःच्या डब्यातली काकडी सोलली. साल इतकी पातळ निघाली की ती त्याने उजेडाकडे धरून पाहिली. "चांगली उतरली," तो म्हणाला आणि काकडी खाऊन टाकली. माझं पहिलं कौतुक ते.

तिथून मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात आले. तिथल्या मुख्य स्वयंपाकीण बाईंना लहानथोर सगळे अक्का म्हणत. दोनशे मुलांचं दुपारचं जेवण त्यांच्या हाताखाली शिजायचं. बटाट्यांची अख्खी पोती आम्ही दोघींनी रिकामी केली. अक्का सफरचंदाची साल न तोडता एका सलग फितीसारखी काढत आणि मुलं खिडकीच्या गजांना नाकं लावून बघत उभी राहत. फीत मधेच तुटली, की मुलांपेक्षा अक्काच जास्त हिरमुसत.

मग एके दिवशी बटाटे सोलायचं यंत्र आलं. त्याच्या पोटात बटाटे टाकायचे आणि बटण दाबायचं. मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं गेलं. यंत्र गरगरत असताना मी वरून बघत राहायची. अक्का निवृत्त झाल्या, त्या दिवशी मात्र त्यांनी मला खिळ्यावरून काढून पदरात गुंडाळलं आणि म्हणाल्या, "ही माझ्याबरोबर येते. यंत्र तुम्हालाच लखलाभ."

मला वाटलं, आता घरी माझे लाड होणार. पण तीस वर्षं सोलून सोलून अक्का इतक्या कंटाळल्या होत्या की त्यांनी जाहीर केलं, "यापुढे या घरात बटाटे सालासकट." आणि मी त्या खालच्या खणात जाऊन पडले.

त्या घरात अक्का आणि त्यांचा धाकटा भाऊ, असे दोघेच राहत. भाऊ फळझाडांच्या मोठ्या रोपवाटिकेत कलमं बांधायचं काम करी. तिथल्या सगळ्यांनी कलम बांधणं त्यांच्याकडूनच शिकलं होतं, म्हणून त्यांना तिथे मास्तर म्हणत. घरी मात्र वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते 'बाळ्या' होते. मास्तरांना माझी कधी गरज पडली नाही. ते सफरचंद झाडावरून तोडत, बाहीला पुसत आणि कराकरा चावून मोकळे होत. नुसत्या चवीवरून ते सांगत, की हे फळ कुठल्या झाडाचं, सकाळचं ऊन खाल्लेल्या फांदीवरचं की सावलीतल्या.

नऊ वर्षांपूर्वी मास्तरांनी दोन वेगळ्या जातींच्या सफरचंदांचा संकर करून त्याच्या बिया पेरल्या होत्या. त्यातली तीनच झाडं तगली. त्या तीन झाडांवर त्यांचा इतका जीव होता की अक्का म्हणायच्या, "झाडांना शाळेत घालायचं तेवढं राहिलंय."

आणि नेमकं झाडांना फळ धरायच्या वर्षी मास्तर आजारी पडले. त्यांचं मोठं आतडं फार बिघडलं होतं. डॉक्टरांना ते काढून टाकावं लागलं. मग लहान आतड्याचं टोक पोटाला एक छोटी वाट करून बाहेर आणलं. त्या वाटेला स्टोमा म्हणतात. तिच्यावर एक पिशवी चिकटवलेली असते. तुमच्या नेहमीच्या वाटेने जे बाहेर पडतं, ते मास्तरांच्या त्या पिशवीत जमतं. पिशवी भरली की रिकामी करायची, ठरावीक दिवसांनी बदलायची आणि कपडे नीट करून कामाला लागायचं. बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही.

स्टोमाची काळजी कशी घ्यायची ते शिकवायला एक नर्स घरी येत. मास्तर त्यांना सिस्टर म्हणत. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "सुरुवातीचे दोन महिने आतड्याला सूज असते. तोवर साल, बिया, दोरे असलेलं काही नको. मोठा घास अडकू शकतो. नंतर एकेक पदार्थ सुरू करायचा. सोललेला, मऊ शिजवलेला, थोडासा. आणि चावायचं. इतकं चावायचं की शेजारचा कंटाळला पाहिजे."

मास्तरांनी त्यातलं 'अडकू शकतो' एवढंच ऐकलं. दोन महिने झाले, तीन झाले, पण पांढरा भात, ब्रेड आणि दही यांच्यापलीकडे ते जाईनात. चेहरा उतरला. कामावर जायला लागले, तरी झाडाखाली उभे राहून फळांकडे नुसतं बघत. एकदा सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, आता हळूहळू फळं-भाज्या सुरू करायला हव्यात. अंगाला हवंय ते."

"पोटात दुखलं तर?"

"तर मला फोन करा. पण न खाता कसं कळणार?"

सिस्टर गेल्यावर अक्का उठल्या आणि त्यांनी खालचा खण उपसला. पाच वर्षांनी मला उजेड दिसला. त्यांनी मला गरम पाण्याने धुतलं, पुसलं, अंगठ्याने धार पाहिली आणि म्हणाल्या, "चल बाई, सुट्टी संपली."

पहिल्या दिवशी मी एक गाजर सोललं. अक्कांनी ते इतकं शिजवलं की चमच्याने दाबताच त्याचा लगदा झाला. मास्तरांनी दोन चमचे खाल्ले आणि परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे खुर्चीत बसून राहिले. तासाभराने पोटातून गुरगुर झाली.

"काय म्हणतंय?" अक्कांनी विचारलं.

"आणखी मागतंय," मास्तर म्हणाले. तीन महिन्यांनी त्या घरात कुणीतरी हसलं.

अक्कांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गाजराचं चित्र काढलं. चित्र खिळ्यासारखं दिसत होतं, पण ते असो. दर वेळी एकच नवा पदार्थ, आणि तो पचला की त्याचं चित्र. मग लाल भोपळा आला. दुधी आला, साल आणि बिया काढून. पिकलेली पपई आली. टोमॅटो गरम पाण्यात बुडवून सोलला गेला. केळ्याला माझी गरज नव्हती, पण कॅलेंडरवर तेही चढलं. मला शाळेचे दिवस आठवले, फक्त दोनशेऐवजी एकच मूल होतं आणि ते फार सावकाश जेवत होतं.

बीटची गोष्ट सांगायलाच हवी. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर न्हाणीघरातून पांढरेफटक होऊन बाहेर आले. "अक्का, रक्त. पिशवी लालभडक झालीय." अक्कांकडून फोनचे आकडे दोनदा चुकले. सिस्टरांनी शांतपणे विचारलं, "काल काय खाल्लं?" अक्कांनी फोन हाताने झाकला आणि हळूच म्हणाल्या, "बाळ्या, बीट रे." सिस्टर पलीकडे इतक्या हसल्या की ते मला ओट्यावर ऐकू आलं. मग म्हणाल्या, "बीटने असं होतं. पण बीट न खाता लाल दिसलं, तर मात्र लगेच कळवायचं."

सगळं असं सुरळीत चाललं होतं, आणि तिथेच मास्तरांना फाजील आत्मविश्वास नडला. रोपवाटिकेत कुणीतरी मक्याची भाजलेली कणसं आणली. गप्पांच्या भरात मास्तरांनी एक अख्खं कणीस भराभर संपवलं. संध्याकाळपर्यंत पोट दगडासारखं झालं. कळा येऊ लागल्या, उलटी झाली, पिशवीत काहीच येईना. अक्का त्यांना तडक दवाखान्यात घेऊन गेल्या. दोन दिवस सलाइन लागलं. अडकलेलं सुटलं, ऑपरेशन करावं लागलं नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात हे चांगलं केलंत. मका तुम्हाला जपूनच खायला हवा. पण त्याहून मोठी चूक घाईची."

मास्तरांनी घरी येताच कॅलेंडर भिंतीवरून काढून ठेवलं. "बास झालं. फळ नाही, भाजी नाही. भात बरा आणि मी बरा."

अक्कांनी पुष्कळ समजावलं. मास्तर ऐकेनात. मला पुन्हा खणात जावं लागलं. मित्रांनो, खरं सांगते, पहिल्यांदा खणात गेले तेव्हा मला राग आला होता. या वेळी काळजी वाटत होती.

महिना असाच गेला. मग रोपवाटिकेच्या व्यवस्थापक बाई घरी आल्या. मास्तरांच्या झाडांच्या जागेवर नवी रोपं लावायची होती. तीन झाडांपैकी एकच ठेवायचं, त्याची कलमं बांधायची आणि बाकीची दोन काढायची, असं ठरलं होतं. "आम्ही सगळ्यांनी चव घेतली, मास्तर. दुसऱ्या झाडाचं फळ मोठं आहे, लाल आहे, गोड आहे. तिसरं तर कुणी दुसऱ्यांदा तोंडात घालेना. शुक्रवारी ते काढू म्हणतोय."

"गोड म्हणजे कसं गोड?" मास्तरांनी विचारलं.

"गोड म्हणजे... गोड."

"गोड तर साखरही असते, बाई."

त्या गेल्यावर मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले. नऊ वर्षांचं काम, आणि निकाल दुसऱ्याच्या जिभेवर. अक्का भाजीची पिशवी आवरत होत्या. मास्तर त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "ती सोलणी कुठे ठेवलीस?"

"का रे?"

"शुक्रवारी लागेल."

अक्कांनी आधी सिस्टरांना फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "सोलून, गाभा काढून, पातळ फोडी. चावून खाल्लं तर घ्यायला हरकत नाही. आणि पाणी पीत राहा."

शुक्रवारी मी पहिल्यांदा रोपवाटिका पाहिली. तिन्ही झाडांची फळं एका लाकडी टेबलावर मांडली होती. पहिल्या झाडाची हिरवी, दुसऱ्याची तांबडीलाल आणि तिसऱ्याची छोटी, तपकिरी, जुन्या पिशवीच्या कापडासारखी खरखरीत. सगळे कामगार गोळा झाले होते. सगळ्यांदेखत सोलून खायचं, म्हणून मास्तरांना आधी अवघडल्यासारखं झालं. त्यांनी मला मुठीत घट्ट धरलं. अक्का शेजारी उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "सावकाश. कुणाची गाडी चुकत नाहीये."

पहिलं सफरचंद आम्ही सोललं. मास्तरांनी कागदासारखी फोड कापली, तोंडात घातली आणि चावत राहिले. चावत राहिले, चावत राहिले. एक कामगार कंटाळून खाली बसला. अखेर मास्तरांनी मान हलवली. "बरं आहे. नुसतंच बरं." दुसऱ्याची फोड चावून झाली. "दिसतं तेवढं नाही. गोड आहे आणि तिथेच संपतं."

मग तिसरं. त्याची साल जाड होती, चामड्यासारखी. मला जोर लावावा लागला. साल खाली पडली आणि आतला पिवळसर, रसाळ गर दिसला. त्याचा वास टेबलाच्या टोकापर्यंत गेला. मास्तरांनी फोड तोंडात घातली. चावता चावता ते थांबले. डोळे मिटले. पुन्हा चावायला लागले, आणखी सावकाश.

"काय झालं? दुखतंय?" अक्का घाबरून पुढे झाल्या.

मास्तरांनी डोळे उघडले. ते भरून आले होते. "तुम्ही हे कसं खाल्लंत?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

"जसं खातात तसं. बाहीला पुसून," एक कामगार म्हणाला.

"सालासकट?"

"हो. कडू लागलं, टाकून दिलं."

मास्तरांनी फोडी कापून प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवली. व्यवस्थापक बाईंनी खाल्ली आणि लगेच दुसरीसाठी हात पुढे केला. आधी गोड, मग जरासं आंबट, आणि गिळून झाल्यावरही जिभेवर रेंगाळणारं असं काहीतरी, ज्यासाठी कुणालाच शब्द सापडेना. मास्तर म्हणाले, "मी आजारी पडलो नसतो, तर मीही सालासकटच चावलं असतं. पहिल्या घासाला थुंकून टाकलं असतं, आणि हे झाड मीच काढायला सांगितलं असतं."

"पण सोलूनच खायचं फळ लोक घेतील का?" बाईंनी विचारलं.

"संत्रं काय सालासकट खातात?" अक्का म्हणाल्या, आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

त्या दिवशी मास्तरांनी अर्धं सफरचंद खाल्लं. उरलेलं अर्धं खायचा मोह त्यांनी आवरला आणि ते अक्कांच्या हातावर ठेवलं. पोटाने कुठलीच तक्रार केली नाही. दुसऱ्या सकाळी कॅलेंडर भिंतीवर परत आलं आणि अक्कांनी सफरचंद काढलं. ते मात्र खरंच सफरचंदासारखं दिसत होतं. नव्या फळाला नाव काय द्यायचं, यावर दोघांचं भांडण अजून चालू आहे. मास्तर म्हणतात, "तुझंच नाव देतो. वरून कडू, आतून गोड." त्यावर अक्का जे म्हणतात, ते मी लहान मुलांना सांगू शकत नाही.

आता मी थकले आहे. मुठीला चीर पडली आहे, तिच्यावर अक्कांनी दोरा गुंडाळला आहे. पण रोज दुपारी मला काम असतं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या सोलणीला काम झाल्यावर धुवा, कोरडी पुसा, ओली टाकून गंजवू नका. एवढं तर मी मागणारच. दुसरं मागणं माझ्यासाठी नाही. तुमच्या टेबलावर कुणी एकच फोड घेऊन चावत बसलं असेल, कुणी अर्धं फळ खाऊन थांबलं असेल, तर "एवढंच?" असं विचारू नका आणि त्याचं ताट उचलायची घाई करू नका. तुमचं जेवण झालं असलं, तरी त्याचा शेवटचा घास होईपर्यंत जरा बसून राहा.