श्वास कमी करणाऱ्या प्लगइनचं पान

अंध वाचकांच्या ग्रंथालयात ती बोलकी पुस्तकं तयार करायची. काचेपलीकडच्या खोलीत कुणीतरी पुस्तक वाचायचं आणि काचेअलीकडे हिने ते रेकॉर्ड करून, त्यातलं अडखळणं, खोकला, पानांची सळसळ काढून ऐकण्याजोगं करायचं. काम जिवाला पटणारं होतं, पण कानांना विटवणारं. घरी आली की नवऱ्याने काहीही विचारलं तरी ती "हं" एवढंच म्हणायची. नवरा बेकरीत दिवसभर भट्टीपुढे उभा राहून स्वतःच भाजून निघालेला असायचा, त्यामुळे त्यालाही तेवढं "हं" पुरायचं.

आवाज नीट करायचं जे सॉफ्टवेअर ती वापरायची ते फुकटचं होतं, ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं. त्याला जोडायला छोटी छोटी प्लगइन मिळायची. एक पंख्याची घरघर काढणारं, एक 'स'ची शिट्टी मऊ करणारं, एक पोकळ खोलीतला घुमारा मारणारं. बनवणारे ती बनवून मोकळे व्हायचे. वापरायची कशी, हे सांगायला मात्र कुणाला सवड नसायची. त्यासाठी या मंडळींची एक विकी होती, म्हणजे कुणीही येऊन लिहावं, कुणीही सुधारावं अशी वेबसाइट. एकदा अडलं म्हणून तिने तिथलं पान उघडलं, तर पानावर नुसतं 'माहिती लवकरच' लिहिलेलं. ते लवकर काही वर्षं झाली तरी आलेलं नव्हतं. वैतागून तिनेच ती माहिती लिहिली आणि तिथेच ती फसली. लिहिणारं कुणीतरी सापडलंय म्हटल्यावर बाकीच्यांनी हात झटकले.

खातं उघडताना नाव मागितलं तेव्हा बहिणीची मुलं हाक मारायची तेच तिने टाकलं होतं, मावशी. आता तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा तिला बिनदिक्कत मावशी म्हणायची आणि बिनदिक्कत भांडायचीही. "मावशी, तुमचं प्लगइन चालत नाही." "अहो, माझं नाही ते, मी फक्त त्याच्याविषयी लिहिलंय." "बरं, पण चालत नाही त्याचं काय करताय?" ग्रंथालयात जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात ती दुसऱ्या हाताने असली उत्तरं द्यायची.

त्यातल्या त्यात तिच्या कामाचं होतं ते श्वास कमी करणारं प्लगइन. वाचणारा दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेतो, तो माइकमध्ये वादळासारखा ऐकू येतो. हे प्लगइन तो श्वास शोधून हळू करायचं. बनवणारा गृहस्थ तिथे घुबड नावाने वावरायचा. अत्यंत हुशार आणि तितकाच तिरसट. पान लिहायचं म्हणून तिने त्याला प्रश्न विचारले तेव्हा त्याने आधी फक्त "कोड वाचा" असं उत्तर दिलं. तिला कोड वाचता येत नव्हता. पण ती चिवट होती. तिने तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून त्याला भंडावून सोडलं, तेव्हा कुठे एकेक वाक्य त्याच्या तोंडून गळालं. ती वाक्यं जोडून जोडून तिने पान उभं केलं. घुबडाने आभार मानले नाहीत. एका शब्दाचं शुद्धलेखन मात्र दुरुस्त करून गेला. त्यानंतर तो गायबच झाला. तिला वाटलं, कंटाळला असेल. तीही कंटाळली होती, पण तिला गायब व्हायला जमलं नव्हतं.

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि निम्मी प्लगइन लंगडी झाली. श्वासाचं प्लगइन तर रेकॉर्डिंगचा शेवटचा शब्दच खाऊ लागलं. एका गोष्टीच्या पुस्तकात 'आणि तो परत आला नाही' यातलं 'नाही'च उडालं. ग्रंथपालबाई ऐकून म्हणाल्या, "अगं, हा तर परत आला!" त्या हसल्या. हिला हसूसुद्धा आलं नाही, कारण गेल्या सगळ्या प्रकरणांचे शेवट आता पुन्हा तपासावे लागणार होते. विकीवर तक्रारींची रीघ लागली होती ती वेगळीच.

त्याच दिवसांत त्या पानाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर घुबड उगवला. इतक्या काळानंतर आला तो असा प्रश्न घेऊन: 'या प्लगइनमध्ये श्वास पूर्ण का काढत नाहीत? नुसता कमीच का करतात? ही चूक आहे का?'

तिच्या कपाळाची शीर तडकली. पूर्ण श्वास काढायचा नाही हा याचाच हट्ट होता. "श्वास पुसून टाकला तर ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो, त्याला वाटतं वाचणाऱ्याला काहीतरी झालं," हे त्याचंच वाक्य तिने पानावर घातलं होतं. आता हा चेष्टा करायला आलाय, असंच तिला वाटलं. पुढे आणखी दोन प्रश्न होते, तेही असेच बाळबोध. तिने डब्याचं झाकण लावलं आणि लिहिलं, 'तुम्हीच केलंय ना? मग कोड वाचा.'

उत्तर पाठवून तिला बरं वाटलं. फार दिवसांनी काहीतरी बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला एक ईमेल आली. घुबडाच्या बायकोची होती. खाली फोन नंबर आणि 'सवडीने फोन कराल का?' एवढंच. तिने ग्रंथालयाच्या जिन्यात उभं राहून फोन लावला.

"तुम्हीच मावशी का?" पलीकडून थकलेला, पण सरळ आवाज आला. "यांच्या मेंदूत गाठ झाली होती. ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण बरंच काही पुसलं गेलं. मला ओळखतात, घर ओळखतात, सायकल चालवतात. पण केलेलं काम आठवत नाही. आपण असं काही बनवलं होतं हेच पटत नाही त्यांना."

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"डॉक्टर म्हणाले, जुनं काम समोर ठेवून बघा. कोड उघडून दिला तर रडायला लागले. मग मी तुमचं पान दाखवलं. ते मात्र रोज वाचतात. म्हणतात, ही बाई कोण? माझ्या मनातलं हिला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं हो," ती म्हणाली. "मी काल फार वाईट बोलले त्यांना."

"वाचलं मी. त्यांना काही वाटलं नाही. ते खरंच कोड वाचत बसले दुपारभर. काही कळलं नाही, पण बसले."

तिने फोन ठेवला. जिन्यातून वर जाताना लाज वाटत होती हे खरं, पण त्याहून खरं असं की तिला धस्स झालं होतं. आता हेही आपल्याच गळ्यात. घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. इतकं सलग ती बऱ्याच दिवसांनी बोलली होती, म्हणून तो हातातलं काम टाकून ऐकत राहिला.

"मग काय करणार आहेस?" त्याने विचारलं.

"काय करणार? सांगेन जे माहीत आहे ते. पण दमलेय रे मी. लोकांना उत्तरं देऊन देऊन दमलेय."

"दमलीस तर दमून सांग," तो म्हणाला. "नाहीतरी ताजीतवानी असताना तू कुठे कुणाला काय सांगितलंयस?"

ती चिडली, आणि मग चिडायचाही कंटाळा आला.

चर्चेच्या पानावर तिने घुबडाची माफी मागितली आणि पहिल्या प्रश्नाचं नीट उत्तर लिहिलं. मग दुसऱ्याचं. तो विचारत गेला, ती सांगत गेली. पडद्यावर मागेपुढे सरकवायच्या तीन पट्ट्या आहेत, त्यातली पहिली कशासाठी? किती हळू आवाजाला श्वास म्हणायचं हे ठरवायला. दुसरी? तो किती खाली आणायचा यासाठी. तिसरी कशाला, दोन पुरल्या असत्या की? ती अलगदपणासाठी, नाहीतर श्वास कापल्यासारखा वाटतो. कधी तो कालचाच प्रश्न आज पुन्हा विचारायचा. तिला कळायचं की उत्तर पोचलेलं नाही, आणि ती तेच नव्या शब्दांत लिहायची. तिरसटपणा सगळा गेला होता. त्याच्या जागी एक भिडस्त, सभ्य माणूस आला होता. तिला त्या जुन्या खवटाची आठवण यायची, आणि अशा माणसाची आठवण यावी याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटायचं.

मग एकदा त्यानेच विचारलं, 'शेवटचा शब्द का जातो?'

'ते मला माहीत नाही,' तिने लिहिलं. 'ते कोडमध्ये असणार.'

'मग आपण दोघं मिळून बघू या का?'

रविवारी दुपारी फोन जोडला. तिकडे तो आणि बायको, इकडे ही, समोर स्वतःचंच पान उघडून. तो कोडमधली एकेक ओळ हळूहळू वाचायचा, शाळेत पहिल्यांदा धडा वाचणाऱ्या पोरासारखा, आणि मध्येच थांबायचा.

"इथे आवाजाचे सारख्या मापाचे तुकडे पाडलेत," तो म्हणाला. "एकेक तुकडा घेतोय. तपासतोय. हे कळतंय मला. पण हे असं का, ते कळत नाही."

"तुकड्यांचं मला नाही माहीत," ती म्हणाली. "मला बाहेरून काय दिसतं तेवढंच माहीत."

"मग बाहेरून काय दिसतं ते सांगा."

तिने पान वाचायला सुरुवात केली. तो ऐकत होता. बायकोने मध्ये पाणी प्यायला लावलं. त्याचं लक्ष भरकटलं, परत आलं. एकदा तो "पुरे आता" म्हणून उठूनही गेला, आणि बायकोने फोन ठेवायला नको म्हणून इकडचं तिकडचं विचारत हिला धरून ठेवलं. तो परत येऊन बसल्यावर वाचत वाचत ही पानाच्या तळाशी पोचली. तिथे तिने नवख्यांसाठी एक बारीकशी सूचना घातली होती: फाइलच्या शेवटी थोडी शांतता आपोआप जोडली जाते, घाबरू नका.

"थांबा," तो म्हणाला. "कोण जोडतं?"

"काय?"

"शांतता. कोण जोडतं? या कोडमध्ये तर कुठे नाही."

तिने ती सूचना पुन्हा वाचली आणि म्हणाली, "सॉफ्टवेअरच जोडायचं. आता जोडत नाही. नव्या आवृत्तीपासून नाही. माझ्याकडून ती ओळ काढायची राहिली."

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. "शेवटचा तुकडा अपुरा असतो," तो पुटपुटला. "आधी सॉफ्टवेअर तो शांततेने भरून पूर्ण करून द्यायचं. आता देत नाही. आणि मी... मी अपुरा तुकडा टाकून देतो. हे बघा. इथे. मी टाकून देतो."

तो 'मी' म्हणाला तेव्हा त्याच्या बायकोचा श्वास फोनवर स्पष्ट ऐकू आला. हिचे कान त्याला सरावलेले होते.

दुरुस्ती त्या दिवशी झाली नाही. त्याचं डोकं दुखायला लागलं आणि बायकोने फोन बंद केला. पुढचे काही दिवस प्लगइन जरा सुधारलं, जरा बिघडलं असंच चाललं. अखेर एक फाइल आली. तिने ती ग्रंथालयात लावून बघितली. शेवटचा शब्द शाबूत राहिला. तिसरी पट्टी मात्र हलवली की सॉफ्टवेअरच बंद पडत होतं. तिने कळवलं, त्याने प्रयत्न केला, आणि मग स्वतःच फोन केला.

"आता माझ्याच्याने होत नाही," तो म्हणाला. "एवढं झालं ते पुष्कळ. हे कुणाला तरी देऊन टाकावं म्हणतो."

"देऊन टाका. मी पानावर लिहिते."

"एक विचारू? तुम्हाला या सगळ्याचा कंटाळा येत नाही का?"

"येतो की."

"मग?"

"मग काय. कंटाळत कंटाळत करते."

तो हसला. तिने त्याला हसताना पहिल्यांदाच ऐकलं. आजारापूर्वी तो हसायचा की नाही, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्याला आठवलं नसतं.

फोन ठेवून तिने पान उघडलं. शांततेची ओळ खोडली. तिसरी पट्टी सध्या हलवू नका, असं ठळक अक्षरांत घातलं. वर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: हे प्लगइन सांभाळायला माणूस हवा आहे, कोड येणारा असावा, बाकी सगळं पानावर आहे. मग थोडं थांबून तिने 'बाकी सगळं' खोडून 'बाकी बरंचसं' केलं, आणि पान जतन केलं.

कुणी येईल का, हे सांगता येत नव्हतं. तोवर घुमारा मारणाऱ्या प्लगइनच्या पानावर नवी तक्रार येऊन पडली होती. काचेपलीकडे वाचणाऱ्या गृहस्थांनी पुस्तक उघडून घसा खाकरला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने हेडफोन चढवला, मान हलवून सुरू करायची खूण केली.