काठावरून विचारलेलं

पोस्टातून निवृत्त झालेला रोमुआल्द पाण्याला भारी भ्यायचा. त्यामुळे पोलंडमधल्या ऑगुस्तुफच्या जुन्या कालव्यावर दर रविवारी एकच रीत: लुद्विकाबाई आपली छोटी होडी वल्हवायच्या आणि हा काठाकाठाने, पूर्वी घोडे तराफे ओढत त्या वाटेने, चालायचा. मध्ये पाणी, म्हणून गप्पा ओरडून. बाईंचा गुडघा, सुनेचं अळणी सूप, सगळं गळ टाकून बसलेल्यांना पाठ झालं होतं.

आता लग्नाचं कुणी असं चारचौघांत ओरडून विचारतं? दोघंही एकटी, साठी उलटलेली. बाई त्याला मनापासून आवडायच्या. त्यात उन्हाळा सरत आलेला. पुढच्या आठवड्यात त्या मुलाकडे ग्दान्स्कला जाणार, त्या थेट मे महिन्यात परतणार. तेव्हा या शेवटच्या रविवारी त्याने मनाचा हिय्या केला आणि होडीत पाय टाकला.

"अगंबाई! तुम्ही आणि होडीत?"

"म्हटलं, जरा जवळून गप्पा माराव्यात," तो म्हणाला. होडीची कड त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

पुढे लॉक आलं. दोन दारांमधल्या दगडी हौदात होडी घ्यायची, पाणी बाहेर सोडलं की ती हळूहळू खाली उतरते. बाईंनी होडीचा पुढचा दोर भिंतीतल्या कडीतून ओवून त्याच्या हाती दिला. "नुसता धरा हं. पाणी उतरेल तसा सैल सोडत जा."

रोमुआल्द मनात वाक्य जुळवत होता. हातांनी मात्र जन्मभर पार्सलं बांधलेली. त्या हातांनी कडीला दोर घट्ट आवळला, वर दुसरी गाठही मारली.

पाणी उतरलं, होडीचं नाक वरच लटकलं. बाईंनी आणलेला बटाट्याचा केक पाण्यात गेला, पाठोपाठ थर्मास. रोमुआल्द भिंतीवरच्या शिडीला चिकटला.

"अरे, बांधतात का कुणी!" लॉकवाला वरून ओरडला आणि त्याने पाणी थांबवलं. बाईंनी केकची सुरी काढून दोर कापला. होडी धप्पकन खाली बसली.

"चुकलं माझं. मी आपला चालतो," रोमुआल्द शिडीवरून म्हणाला आणि वर चढला.

उरलेलं पाणी उतरलं, लॉकचं पुढचं दार उघडलं. बाई वल्हवू लागल्या. तो काठाने निघाला. सगळं मुसळ केरात! त्याला रडू यायचं बाकी होतं. होडी लावायचा धक्का दिसायला लागला तसा तो थांबला.

"लुद्विकाबाई! होडीत मला एक विचारायचं होतं!"

"मग विचारा की!"

"लोक आहेत!"

"जूनपासून थांबलोय आम्ही," गळावरची नजर न काढता एक म्हातारा म्हणाला. "विचारा एकदाचं."

"माझ्याशी लग्न कराल का?" रोमुआल्द जिवाच्या आकांताने ओरडला.

बाईंनी वल्हं मांडीवर ठेवलं. होडी आपसूक वाहत राहिली.

"करते!" त्या त्याच्याहून मोठ्याने ओरडल्या. "आणि अहो, सगळ्यांनी ऐकलंय. आता माघार नाही!"