मावशीचं नाक

माझ्या डाव्या नाकपुडीवर काळा डाग आला तेव्हा आमच्या अख्ख्या वाडीनं एकमतानं निकाल दिला, चीक उडालाय. आमच्या वाडीचं एकमत देवळाच्या रंगावर होत नाही, रस्त्याच्या वळणावर होत नाही, पण या डागावर झालं. आणि त्यात कुणाचं काय चुकलं म्हणू? मी हरिश्चंद्र. रत्नागिरीच्या आसपासच्या कलमबागांतून आंबे काढण्यात माझा जन्म गेला. देठ तुटला की चिकाची पिचकारी उडते, कातडीवर पडली की भाजल्यासारखा डाग उठतो, खपली धरते आणि पावसाळा लागला की आपोआप जातो. हे इथं पोराटोरांना ठाऊक. माझा डाग पावसाळ्यात गेला नाही. मी म्हटलं, चीक जहाल असेल. कोकमतेल लावलं, खपली काढली, पुन्हा खपली धरली. पुढच्या मोसमात झाडावर चढलो आणि म्हटलं, आता हा नवीन चीक. अशी दोन वर्षं मी बिचाऱ्या आंब्यावर आळ घेतला.

हे चिकाचं काम नाही, हे आधी महिपतनं ओळखलं. महिपत टेम्पो चालवतो आणि आमच्या नमनात, म्हणजे देवळासमोरच्या नाचगाण्याच्या खेळात, मृदंग वाजवतो. नमनात गौळण असते. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडवून दाण, म्हणजे दुधादह्याचा कर मागणारा कृष्ण, आणि गौळणींच्या पुढे ठसक्यात चालणारी, कृष्णाशी कडाकडा भांडणारी मावशी. ती मावशी मी. लग्न झाल्यापासून मिशी ठेवली नाही ती या मावशीपायीच. आणि कृष्ण म्हणजे लवू. एरवी घरोघरी वायरिंग करतो. लवूचं पोट हल्ली कृष्णाच्या आधी रंगमंचावर येतं, पण गळा गोड आहे, म्हणून लोक चालवून घेतात.

लोक येतात ते मात्र माझं नाक बघायला. खोटं नाही सांगत. कृष्णानं दाण मागितलं की मावशी बोलत नाही, नुसतं नाक मुरडते. डावी नाकपुडी वर, उजवी जागच्या जागी. एवढ्यावर बाया पदरात तोंड खुपसून हसतात आणि मुंबईहून आलेले चाकरमानी मोबाईल वर धरतात. यंदा माघी गणपतीच्या कार्यक्रमाआधी महिपत माझ्या तोंडाला रंग लावत होता. डागावर रंग बसेना. त्यानं बोट जरा दाबलं आणि रक्त आलं.

"हरी, ह्यो चीक नाय," महिपत म्हणाला. "दोन वर्सांनी चीक रगत काढत नाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला टेम्पोत घालून शहरात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी समोर बसवून सरळ सांगितलं, हा कातडीचा कॅन्सर आहे.

"हा सहसा अंगात पसरत नाही," बाई म्हणाल्या, "पण आहे तिथं खात जातो. खोल जायच्या आत काढायला हवा. तुम्ही उन्हात किती वेळ असता?"

"बाई, ऊनच माझ्यावर असतं," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी कागदावर नाक काढून दाखवलं. दिसतो तेवढाच डाग काढून भागत नाही, भोवतीची थोडी चांगली कातडीही घ्यावी लागते. घेतलेल्या तुकड्याच्या कडा तपासतात, कडा साफ आल्या की कपाळाची कातडी वळवून नाक शिवतात. आमच्याकडे शेजाऱ्यानं गडगा, म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण, बोटभर आत सरकवला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. आणि इथं मला आपल्या तोंडानं म्हणायचं होतं की घ्या बाई, चांगल्यातलंही घ्या.

मला मरणाची भीती होतीच. पण त्याच्या आधी नाकाची भीती होती आणि ते बोलायची लाज वाटायची. कॅन्सर म्हटलं की माणसं हळहळतात. नाक जाणार म्हटलं की आधी हसू दाबतात, मग हळहळतात. नाक कापलं गेलं असं मराठीत कुणाविषयी म्हणतात, ते काय मला ठाऊक नव्हतं? सकाळी दाढी करताना मी डाव्या नाकपुडीवर अंगठा ठेवायचो आणि उरलेलं तोंड बघायचो. माझी बायको सगुणा दारात उभी राहून हे बघायची आणि काही न बोलता चहा ठेवून जायची. तिनं काही बोलावं म्हणून मी आमटीत मीठ कमी, माशाला वास, पाणी कोमट, अशा दहा कुरापती काढल्या. ती मीठ आणून ठेवायची, पाणी बदलून द्यायची. राग तर माझ्या पहिल्यापासून नाकावर. तेवढा तरी कापून जाईल, असं स्वतःशीच म्हणायचो.

महिपतला मी गळ्याची शपथ घातली होती, कुणाला कळता कामा नये. पण महिपतच्या पोटात मृदंगाचे बोल सोडून काही राहत नाही.

शिमग्याची तालीम सुरू झाली. देवळासमोर गौळण उभी राहिली, मी पदर खोचून पुढे निघालो. लवू आडवा आला. इथं कृष्ण म्हणतो, "मावशी, नाकासमोर बघून चाल!" आणि मी म्हणतो, "नाकासमोरच बघतेय मेल्या, तूच आडवा पडलायस!" वर्षानुवर्षं हेच. त्या संध्याकाळी लवू म्हणाला, "मावशी, सरळ बघून चाल."

म्हटलं, विसरला असेल. पुढं कृष्णाच्या सवंगड्याचं, पेंद्याचं वाक्य येतं, नाकापेक्षा मोती जड. पेंद्या ते गाळून पुढच्यावर गेला. आणि मी नाक मुरडायला तोंड वळवतो तिथं महिपतनं मृदंगावर अशी थाप मारली की गौळणी गोंधळून नाचायलाच लागल्या. माझी जागा त्यानं वाजवून भरून टाकली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी मिळून बसून, माझ्या मागे, गौळणीतून एकेक नाक वेचून काढलं होतं.

"डॉक्टरनं अजून सुरी उचलली नाय," मी ओरडलो, "आणि तुमी आधीच कापलात रे माजा नाक!"

कुणी हसलं नाही. एरवी या वाक्याला मी टाळी घेतली असती. लवू आपल्या पायांकडे बघत होता. महिपत म्हणाला, "हरी, तुला लागू नये म्हणून..."

"लागला! आता लागला!" मी लुगडं सोडून त्याच्या मृदंगावर टाकलं आणि घरी आलो. त्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून केलं, हे कळत होतं. पण माणूस जिवंत असताना त्याची वाक्यं गाळायची नसतात.

ऑपरेशनच्या सकाळी मी कुणाला बोलावलं नव्हतं. सगुणाला सांगितलं होतं, तू संध्याकाळी ये, मला रडारड नको. तर दारात टेम्पो उभा, आत महिपत आणि शेजारी लवू. मी मध्ये बसलो. दवाखान्यात नर्सबाई म्हणाल्या, बसा, बोलावते. समोरच्या बाकावर तोंडाला पट्टी बांधलेला एक माणूस बसला होता, त्याचा एकच डोळा दिसत होता, आणि तो डोळा माझ्याकडे बघत होता. चहा पिऊन येतो म्हणून मी उठलो आणि थेट एसटी स्टँडवर गेलो. राजापूरची गाडी लागली होती. राजापूरकडे कुणीतरी झाडपाला देतो, लेप लावला की डाग कापाकापी न करता झडतो, असं बाजारात ऐकलं होतं. कोण देतो, कुठं राहतो, काही ठाऊक नव्हतं. चढलो आणि खिडकीशी बसलो.

रत्नागिरीत पळून जाणारा माणूस स्टँडवरच सापडतो. गाडी सुटायच्या आत दोघं धापा टाकत आले. लवू दारात उभा राहिला, दोन्ही हातांनी दांडे धरून, पोटानं सगळी वाट भरून. मला वाटलं, आता हा अडवणार. खरं सांगतो, मी त्याचीच वाट बघत होतो. त्यानं दंडाला धरून खाली ओढावं, शिव्या द्याव्यात, मी चार शिव्या द्याव्यात आणि मुकाट जावं.

"अडव ना मेल्या," मी म्हटलं. "जल्मभर अडवलंस."

"तो खेळ व्हता," लवू म्हणाला. "आज नाय अडवत. नाक तुजा, जीव तुजा." आणि तो आत येऊन माझ्या पुढच्या सीटवर बसला. महिपत माझ्या शेजारी बसला. कंडक्टर आला तेव्हा महिपत म्हणाला, "राजापूर, तीन."

गाडी निघाली. महिपतची बोटं पुढच्या सीटच्या दांड्यावर वाजत होती आणि ताल चुकत होता. मृदंगावर या माणसाचा हात चुकलेला मी कधी ऐकला नव्हता. लवूच्या मानेवर घाम होता. त्यानं मागे न बघता म्हटलं, "मी लय भ्यालोय, हरी. म्हणून तालमीत नाक म्हणवला नाय. तोंडातून येयनाच. बाकी तुला लागेल वगैरे समदी थाप."

मी महिपतला विचारलं, "झाडपाल्यानं बरा नाय झाला तर?"

"मग म्होरं जाऊ," महिपत म्हणाला. "तू सांगशील तिथं."

"तिथंपण नाय झाला तर?"

"तर तिथून म्होरं."

तो हे चिडून म्हणत नव्हता. खरंच आला असता. टेम्पो दवाखान्याच्या फाटकात, घरी कुणाला पत्ता नाही, आणि हे दोघं माझ्यामागून कुठल्याही वाटेनं चालत राहिले असते, अगदी मला पोचवून येईपर्यंत. स्वतःशी मी खोटं बोलत होतो ते चाललं असतं, पण या दोघांना त्यांच्याच पैशानं त्या खोट्यात घेऊन जायचं म्हणजे हद्द झाली. हातखंब्याच्या तिठ्याला मी उठलो आणि कंडक्टरवर ओरडलो, "थांबवा! आमचा राजापूर आला!"

कंडक्टरनं आम्हाला वेड्यांत काढलं. आम्ही रिक्षानं परत आलो. डॉक्टरीणबाई रागावल्या, मग म्हणाल्या, चला.

नाकाभोवती सुया टोचून जागा बधिर केली, पण मी जागा होतो. दुखत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. कातरीचा आवाज नाकातून सरळ डोक्यात जातो. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर गौळणच आठवत होती, आणि नाकपुडी हलेल म्हणून बाई मला पुटपुटूही देईनात. शेवटी त्यांनी पट्टी बांधली आणि सांगितलं, जखम अजून शिवत नाही. कडांचा रिपोर्ट आला की ठरवू.

ते थांबणं कापण्यापेक्षा वाईट. पट्टीखाली काय उरलंय ते दिसत नव्हतं आणि बघायची छाती नव्हती. फोन वाजला की माझ्या आधी सगुणा धावायची. दोघं रोज संध्याकाळी यायचे. लवूनं तर ताळतंत्रच सोडलं. आला की दारातूनच, "काय मावशी, नाक वर करून बसलीस?" उठताना, "चल, उद्या परत नाक खुपसायला येतो." महिपत म्हणायचा, बास कर रे. मी म्हणायचो, चालू दे. त्यानं एकदा तर नाकानं कांदे सोलण्यावरून एवढा वाह्यातपणा केला की सगुणा कितीतरी दिवसांनी हसली आणि आत जाऊन रडली.

रिपोर्टच्या दिवशी तिघं बाईंसमोर उभे राहिलो. बाईंनी मला बसायला सांगितलं, तेव्हाच मी समजलो.

"तीन बाजू साफ आहेत," त्या म्हणाल्या. "वरच्या कडेला अजून थोडा आहे. पुन्हा काढावा लागेल. उद्या सकाळी."

"पुन्हा कडा तपासणार?"

"हो."

"तेव्हाही साफ नाही आली तर?"

"तर पुन्हा."

मला वाटलं होतं की हे ऐकून मी कोसळेन. हात गार पडले होते. पण मागे धप्प आवाज झाला. वळून बघितलं तर लवू दाराबाहेर जाऊन जमिनीवर बसला होता, भिंतीला पाठ लावून, आणि हुंदके देत होता. एवढा मोठा कृष्ण, आजूबाजूच्या पेशंटांची तमा न करता. महिपत त्याच्याजवळ उभा होता, पण त्याचंही तोंड वाकडं झालं होतं, आणि कुणाला धरावं ते त्याला कळत नव्हतं.

मी बाईंना म्हटलं, "घ्या. लागेल तेवढा घ्या." मग बाहेर जाऊन लवूशेजारी बसलो. त्याचा हात हातात घेतला, तो माझ्यापेक्षा गार होता.

"लव्या," मी म्हटलं, "रडायचा तेवढा आत्ताच रडून घे. उद्या मला रडायचाय."