पाण्याखालचा रेग्युलेटर आणि शिवणवाल्या वहिनी

मित्रांनो, मी एक जुना रेग्युलेटर आहे. पंख्याचा नव्हे, गॅसच्या शेगडीचाही नव्हे. पाण्याखाली माणसाला श्वास देणारा. पाठीवरच्या टाकीत हवा ठासून भरलेली असते. ती मी पितळी पोटात घेतो, तिचा जोर उतरवतो आणि नळीतून घोट घोट पोचवतो. एक टोक टाकीवर, दुसरं तुमच्या दातांत.

कारखान्यातून आलो तेव्हा आरशासारखा चमकत होतो. गेली चौदा वर्षं डायव्हिंग शिकवणाऱ्या या शाळेत खुंटीवर टांगलेला असतो. शिकाऊ येतात, मला चावतात, खारट पाण्यात नेतात, परत टांगतात. अंगभर ओरखडे पडलेत. पण श्वास कुणाचा अडवला नाही, हे छाती ठोकून सांगतो. छाती नाही मला, तरी सांगतो.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी आल्या. नणंदेनं ओढून आणलेल्या. नणंद म्हणजे मासोळी, आणि वहिनींना पाणी बघितलं की धडकी. मला बघून त्यांनी नाक मुरडलं.

"शी! किती जणांनी चावलंय हे! मी नवाच विकत घेते. नवा असला की भीती वाटायची नाही."

शिकवणारा दादा हसला. "ताई, नवा असला तरी पाण्याखाली तोंडातून काढून परत घालावा लागतोच. दातांत धरायचं रबर तेवढं स्वतःचं घ्या, आत्ता बदलून देतो. बाकीचं घ्यायला थांबा."

रबर बदललं, भीती तिथंच. पोहण्याच्या तलावात वहिनी गुडघ्यांवर बसायच्या, मला ओठांपासून जरा लांब करायच्या आणि धडपडत वर यायच्या. असं तीनदा झालं. रविवारी सगळे समुद्रात जाणार होते. तोवर हे जमलं नाही तर सगळे बोटीत आणि वहिनी काठावर.

"वहिनी, एवढ्या सुया टोचून घेता, तेव्हा नाही घाबरत!" नणंद म्हणाली.

"सुई मला बुडवत नाही, बये!"

त्या रागात त्यांनी मला टबात घालून कपड्यासारखं घसाघसा धुतलं. माझ्या टाकीकडच्या टोकाला एक छोटं झाकण असतं. धुण्याआधी ते घट्ट बसवायचं. नेमकं तेच उघडं राहिलं! पाणी थेट माझ्या पोटात, आणि तिथं पाणी साचलं की आतून गंज.

दादानं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. वहिनींचा चेहरा एवढासा झाला. "नवा असता तर?"

"तर नव्याचं पोट भरलं असतं. या आता, उघडू या."

दादा दुरुस्तीचं शिकलेला. त्यानं मला टेबलावर सुटं केलं. वहिनी शेजारी बसल्या. शिलाई मशीन स्वतः उघडून तेल घालणारी बाई ती, हात कसा गप्प बसेल? एकेक तुकडा पुसून ओळीनं मांडू लागल्या.

"एवढंच आहे होय आत? स्प्रिंग, चकत्या आणि हा पातळ पडदा?"

"एवढंच. तुम्ही श्वास ओढला की पडदा आत दबतो आणि हवा सुटते."

"म्हणजे हा म्हातारा माझ्याच श्वासाची वाट बघत असतो!"

शनिवारी तलावात त्यांनी मला तोंडातून काढलं. ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहिल्या. मग सावकाश मला परत घातलं, आतलं पाणी फुंकून काढलं आणि श्वास घेतला. वर आल्या नाहीत. नणंद पाण्याखालीच टाळ्या वाजवायला लागली. आवाज कसला येतोय!

रविवारी त्या माझ्यासोबत समुद्रात उतरल्या. पुढं पंधराएक डुबक्या माझ्यावरच मारल्या. झाकण न सांगता लावू लागल्या, मगच दुकानात गेल्या. तिथं रंग विचारला नाही. विचारलं, "हा उघडून साफ कोण करणार? सुटे भाग मिळतील ना?"

त्यांनी स्वतःचा घेतला तेव्हा मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू? पण बरंही वाटलं. पोर सासरी जाताना आईबापाला वाटतं तसंच.

तेव्हा मित्रांनो, पहिला रेग्युलेटर घ्यायची घाई नको. आधी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांवर शिका, चुका करा, गोड्या पाण्यानं धुवायला शिका. मग खुशाल घ्या. आणि घेतलात की वापरा. कपाटात पडून आमचं रबर वाळतं, स्प्रिंगा रुसतात. तुम्ही आमच्या हवेवर जगता ना? आम्ही तुमच्या श्वासावर जगतो.