गुलरुखच्या पायातला दोरा

या मित्रांनो, अशा जवळ या. एक गोष्ट सांगते, चित्त देऊन ऐका.

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. कझाकांच्या अल्माटी शहरातल्या दवाखान्यातून भंगारात निघाले, तेव्हा बाजारात कांदे निवडणाऱ्या सावरीमोने मला घरी नेलं. ती ताजिकांच्या मुलखातून पोटासाठी आलेली. तिच्या नऊ वर्षांच्या गुलरुखचे पाय जन्मापासून लुळे. पोर माझ्यावर बसली आणि वाटलं, देवाने आता कुठे मला खरी सेवा दिली.

कझाकांकडे मूल पाऊल टाकू लागलं की त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात. मुलांची शर्यत लावतात, जिंकणारा येऊन दोरा कापतो. मग मूल जन्मभर अडखळत नाही म्हणे. नौरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, सणाला आमच्या अंगणात शेजारच्या बाळाचा दोरा कापला.

गुलरुख म्हणाली, "माझा कुणी कापलाच नाही. आमच्याकडे ही रीत नाही ना. म्हणून चालायची राहिले असेन."

"एवढंच ना? कापू की!" अंगणातल्या पोरांतला येरासिल हसला. "ए, पोत्याची सुतळी आणा रे! परक्यांना जाड दोरा लागतो."

मुलांनी तिचे घोटे माझ्या पायपट्ट्यांना करकचून बांधले.

"पलीकडच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून येतो. पहिला येईल तो कापेल. हलू नकोस हं, गुण जाईल."

"मीपण खेळात आहे ना?"

"अगं, तुझ्यासाठीच तर पळतोय!"

पोरं पळाली, ती टाकीमागून थेट येरासिलच्या घरात, सणाची खीर खायला. खिडकीतून हसणं ऐकू येत होतं. गुलरुख हलली नाही. पायांची बोटं निळी पडली. जाता जाता एक आजी म्हणाली, "किती शहाणं लेकरू! जागचं हलत नाही."

दिवस कलता सावरीमो आली. कांद्याची सुरी काढून ती खाली वाकली.

"आई, नको!" गुलरुख किंचाळली. "तू शर्यतीत नव्हतीस! तू कापलंस तर मी कधीच चालणार नाही!"

सावरीमोने खिडकीकडे पाहिलं. मग रबरी बुटांनिशी, दिवसभर उभं राहून सुजलेल्या पायांनी, ती टाकीपर्यंत धावली आणि परत आली. एकटीच धावली, पहिली आली. धापा टाकत तिने सुतळी कापली.

गुलरुखने हसत हातांनी पाय खाली ठेवले, उठू गेली आणि तोंडावर चिखलात पडली.

"पडली रे पडली!" खिडकी ओरडली.

त्यानंतर गुलरुख अंगणात आली नाही. मी जिन्याखाली गंजते आहे, सुतळीचा तुकडा अजून पायपट्टीला आहे.

मित्रांनो, मला तेल घातलं नाहीत तरी चालेल. पण 'आलोच' म्हणून कुणाला बसवून गेलात, तर परत जा. आणि हात जोडाल तेव्हा त्या धावणाऱ्या आईची आणि माझ्या गुलरुखची आठवण ठेवा.