तीन हाकांचा नियम

१९८७ साली नागपूरच्या विद्यापीठात आम्ही पाच संगणक तारांनी जोडले होते. एकाचं काम पाचांनी वाटून घ्यायचं आणि उद्या पन्नास जोडले तरी गाडी अडू नये, हा माझा सहा वर्षांचा प्रबंध. त्यातला एक नियम मी रक्त आटवून लिहिला होता: दर मिनिटाला प्रत्येक यंत्रानं दुसऱ्याला हाक द्यायची, तीन हाकांना ओ आली नाही, तर त्याला मेलेलं धरायचं, त्याचं काम इतरांनी उचलायचं आणि यादीतून नाव काढायचं.

सावनेरहून आलेल्या माझ्या सहकाऱ्यानं, विश्वनाथनं, भर बैठकीत विचारलं, "अन् जिवंत असून बोलून नाही राहिला, तर?"

"तर मेलाच," मी म्हणालो.

विभागप्रमुख दत्तोपंत त्या दीडशहाण्यावर खूश झाले आणि दिल्लीच्या परिषदेतल्या निबंधावर माझ्या आधी त्याचं नाव घातलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय! मी अबोला धरला. सोमवारी चहाच्या वेळी विश्वनाथ म्हणाला, "काहून गा मधुसूदन, चहा नाही घेत?" तीनदा म्हणाला. दत्तोपंतांनीही तीनदा विचारून पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. घरी बायकोही, तारा, त्याच विश्वनाथचं कौतुक करायची, म्हणून तिच्याशीही बोललो नाही. "मले तरी सांगा नं, काय झालं?" ती ताट वाढताना म्हणाली, मग ताट उचलताना, मग दिवा मालवताना. तिचा आवाज रडवेला झाला होता आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

मंगळवारी माझ्या तासाला विश्वनाथ शिकवत होता आणि माझ्या वाट्याच्या उत्तरपत्रिका दत्तोपंत तपासत होते. "सर, हे माझं काम आहे!" मी ओरडलो. त्यांनी पान उलटलं. निबंधाच्या मसुद्यावर आता एकच नाव होतं. मी विश्वनाथचा दंड धरून गदागदा हलवला, तेव्हा त्यानं जरासं शहारून पंखा बंद केला.

मी घरी धावलो. आत माझ्या पाटावर विश्वनाथ बसला होता आणि तारा त्याला आग्रहानं वाढत होती. माझी सात वर्षांची गोपिका मात्र, जिच्याशी अबोला धरायचं मला सुचलंच नव्हतं, उंबऱ्यापाशी आली.

"बाबा?"

"ओ!" मी जीव तोडून म्हणालो.

"दारात काय पाहून राहिली वं?" तारा आतून म्हणाली. "बाबा जेवून राहिले इकडे."

गोपिकेनं एकदा आत पाहिलं, एकदा माझ्या दिशेनं, आणि ओ ऐकूच न आल्यासारखी तिनं दुसऱ्यांदा हाक मारली.